आधी सात की आधी चार?

एचएसआर लेआउटमध्ये पत्ता सांगायचा म्हणजे आकडेच सांगायचे. सेक्टर, मेन, क्रॉस, घर क्रमांक. होसूर रोड आणि सर्जापूर रोड यांच्या मधली ही वसाहत बंगळूर विकास प्राधिकरणानं आखली, आणि रस्त्यांना नावांऐवजी बहुतेक नंबरच दिले. इथला सगळ्यात गजबजलेला रस्ता इंग्रजीत 'ट्वेंटी-सेव्हन्थ मेन', रिक्षावाल्याच्या कन्नडमध्ये 'इप्पत्तेळने मेन'. दोन्हींत वीस आधी, सात मागून. मराठी घरात तोच रस्ता 'सत्ताविसावा' होतो आणि सात पुढं येऊन बसतो. मोठ्यांना याचं काहीच वाटत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या पेन्सिलीला वाटतं, आणि गणितशिक्षणाचे अभ्यासक गेली काही दशकं त्या पेन्सिलीकडं बारकाईनं बघताहेत.

पुढच्या संवादातली दोन माणसं मी घडवलेली आहेत. मावशी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत पहिली ते तिसरीला शिकवून निवृत्त झाल्या. भाचा एचएसआरमधल्या एका शैक्षणिक ॲपच्या कंपनीत मुलांची उत्तरं तपासून त्यातून निष्कर्ष काढतो. दोघांनी सांगितलेले प्रयोग मात्र खरे आहेत. वादाचं निमित्त भाच्याची दुसरीतली मुलगी. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या सगळ्या शाळांत आलेली कन्नड. मावशींनी सहज म्हणून तिला आकडे घातले. 'सत्तेचाळीस' ऐकून तिनं ७४ लिहिलं, 'नलवत्तेळु' ऐकून ४७.

भाचा: बघितलंस मावशी? मुलगी तीच, पेन्सिल तीच, बदलली ती फक्त भाषा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'चाळीस सात' आलं तेव्हा महाराष्ट्रानं पुस्तकाच्या समितीवर असलेल्या मंगला नारळीकरांची किती टिंगल केली! वर्तमानपत्रं, वाहिन्या, विधानसभासुद्धा. आणि बाईंचं म्हणणं काय होतं? ज्या क्रमानं अंक लिहायचे त्याच क्रमानं ते ऐकू आले तर लहान मुलाला सोपं जातं. शिवाय 'त्र्याण्णव', 'अठ्ठ्याऐंशी' असली जोडाक्षरं जिभेलाही जड आणि हातालाही. बरं, जुनी नावं पुसून टाकली होती का? तीही दिलेली होती.

मावशी: टिंगल करणाऱ्यांत मला धरू नकोस. आमच्या शाळेला पुस्तक कर्नाटकाचं, मराठीत छापलेलं. तुमचा तो वाद आम्ही टीव्हीवर बघितला. पण एका पोरीच्या एका चुकीवरून तू अख्ख्या भाषेला आरोपी करतोयस.

भाचा: एका पोरीवरून नाही. जर्मनमध्येही आपल्यासारखंच आहे, 'सात-आणि-चाळीस'. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना आकडे ऐकून लिहायला सांगितले होते. २००९ मध्ये तो अभ्यास छापून आला. मुलांच्या एकूण चुकांपैकी जवळजवळ निम्म्या चुका अंकांची अदलाबदल झाल्याच्या होत्या. तू म्हणशील, तिथल्या शाळाच वेगळ्या. म्हणून दोन वर्षांनी आलेला चेक भाषेतला अभ्यास बघ. चेकमध्ये 'चाळीस सात' आणि 'सात-चाळीस' दोन्ही चालतं. त्याच मुलांना दोन्ही रीतींनी आकडे घातले, तर उलट्या रीतीत चुका जास्त. देश एक, वर्ग एक, मूल एक. याहून स्वच्छ तुलना कुठं मिळणार?

मावशी: तुझ्या जेवणाच्या टेबलावर मिळाली की आत्ता. चुका होतात हे पहिलीला शिकवणाऱ्या कुठल्याही बाईला ऑस्ट्रियाला न जाता ठाऊक असतं. माझा प्रश्न पुढचा आहे. चौथीत ती चूक राहते का?

भाचा: वयाबरोबर कमी होते. पण तोवर मूल स्वतःला 'ढ' समजायला लागलेलं असतं.

मावशी: ते मूल समजत नाही, आपण त्याला समजावतो. आणि मला सांग, 'सात-आणि-चाळीस' म्हणून जर्मनांचं गणितात काय अडलं? गाउस कुठला होता? तुझ्या कन्नडमध्ये बघ, अकरालासुद्धा 'हन्नोंदु', दहा आधी आणि एक मागून. एवढी सरळ नावं असून 'असर' या शैक्षणिक पाहणीत पाचवीच्या भागाकारात कर्नाटक काही महाराष्ट्राच्या पुढं दिसत नाही. देशभराचं म्हणशील तर २०२४ मध्ये खेड्यांतल्या पाचवीच्या १०० मुलांपैकी तीस-एकतीस मुलांना तीन अंकी संख्येला एका अंकानं भागता आलं. त्यात 'सत्तेचाळीस'चा दोष किती आणि बाकीच्या गोष्टींचा किती?

भाचा: हे असं दोन राज्यं शेजारी ठेवणं मला नाही चालत. राज्याराज्यांत शंभर गोष्टी वेगळ्या असतात. त्यापेक्षा १९९५ चा चीन-अमेरिकेचा अभ्यास घे. शाळेत जायच्या आधीची मुलं, त्यांना नुसतं मोजायला सांगितलं. दहापर्यंत दोन्हीकडची पोरं बरोबरीनं गेली. दहानंतर अमेरिकी पोरं मागं पडली, कारण 'इलेव्हन', 'ट्वेल्व्ह'मध्ये दहा ऐकूच येत नाही. चिनी भाषेत 'दहा-एक', 'दहा-दोन' असं सरळ म्हणतात. चिनी आईबाप जास्त अभ्यास घेतात एवढंच कारण असतं, तर फरक एकापासूनच दिसला असता ना?

मावशी: हे मात्र चांगलं आहे. नाव जिथं बदलतं नेमका तिथंच फरक पडतो. असं दाखवलंस तर मी ऐकते.

भाचा: मग नॉर्वे ऐक. तिथंही 'सात-आणि-चाळीस' होतं. टेलिफोन खात्यानं तक्रार केली की नंबर सांगताना घोळ होतो. तिथल्या संसदेनं निर्णय घेतला आणि १९५१ पासून शाळांत, सरकारी कामात 'चाळीस-सात' सुरू झालं.

मावशी: आणि जुनं गेलं?

भाचा: पूर्ण नाही. बोलताना अजूनही कितीतरी लोक जुन्याच रीतीनं म्हणतात.

मावशी: म्हणजे सत्तर वर्षांनी नॉर्वेचा चेक झाला. दोन्ही रीती, आणि मुलांनी दोन्ही शिकायच्या.

मला इथं मावशींची बाजू घ्यावीशी वाटते, पण निम्मीच. २०१९ च्या त्या वादात संस्कृती, अस्मिता, इंग्रजीची नक्कल असे शब्द भरपूर ऐकू आले. कुणी दुसरीतल्या मुलांच्या वह्या पुढं ठेवून 'हे बघा' म्हणाल्याचं मला आठवत नाही. नारळीकर आयुष्यभर गणितात वावरलेल्या, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या, आणि त्याचबरोबर लहान मुलांना गणित शिकवण्याची हौस असलेल्या बाई. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं असेल तर ते वह्यांमधूनच द्यायला हवं होतं. मावशींकडं तशा वह्या होत्या, किंवा असाव्यात असं भाच्याला वाटलं.

भाचा: बरं, नाव नको बदलायला. तू काय करायचीस?

मावशी: काड्या. दहादहाचे गठ्ठे, रबर लावून. सत्तेचाळीस म्हटलं की आधी दाखवायचं, मग बोलायचं, आणि सगळ्यात शेवटी लिहायचं. 'सात सुट्या आणि चाळीस बांधलेल्या' असंही म्हणायचं आणि 'चाळीस बांधलेल्या आणि सात सुट्या' असंही. क्रम बदलला तरी काड्या तेवढ्याच राहतात हे पोराच्या हाताला कळलं की कानाची भीती जाते. निदान माझ्या वर्गात जायची.

भाचा: कशावरून?

मावशी: कशावरून म्हणजे? मी बघत होते की.

भाचा: राग मानू नकोस. तुला आज रस्त्यात भेटून पाया पडणारी पोरं आठवतात. तिसरीत शाळा सोडून वीटभट्टीवर गेलेली पोरं पाया पडायला येत नाहीत. आणि जी शिकली ती काड्यांमुळं शिकली, वय वाढलं म्हणून शिकली, की घरी आईनं घेतलं म्हणून, हे तुला वेगळं कसं करता येणार? सगळ्यांनाच काड्या दिल्यास तू.

मावशी: मग निम्म्यांना द्यायच्या नव्हत्या?

भाचा: हो. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना द्यायच्या. वडोदऱ्यात तेच केलं. महापालिकेच्या शाळांना राज्य सरकारनं प्रत्येकी चार संगणक दिले होते. 'प्रथम' संस्थेनं त्यावर गणिताचे खेळ बसवले. चौथीची पोरं, एका संगणकावर दोघं, आठवड्याला दोन तास. कुठल्या शाळेत आधी आणि कुठल्या शाळेत नंतर, हे सोडतीनं ठरवलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे मंडळींचा हा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. दुसऱ्या वर्षी गणितात ०.४७ प्रमाण विचलनाची वाढ दिसली. तुझ्या भाषेत सांगतो. १०० मुलांच्या रांगेत बरोबर मधोमध उभं असलेलं मूल अडुसष्टाव्या जागेपर्यंत पुढं गेलं.

मावशी: मोठी उडी आहे. एका वर्षानं कुठं होतं ते मूल?

भाचा: (जरा थांबून) बरंचसं मागं आलं. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानं वाढ ०.१ च्या आसपास उरली.

मावशी: हे तू आधी नाही सांगितलंस.

भाचा: पण सांगता आलं ना? हा आकडा त्याच लोकांनी, त्याच शोधनिबंधात छापला. तुझ्या काड्यांचा परिणाम वर्षभरानं किती टिकला याचा आकडा आहे कुणाकडं?

मावशी: नाही. तिथं तू मला पकडलंस. पण सोडत काढून एवढंच कळतं की उडी पडली आणि विरली. का विरली ते कळत नाही. ते कळायला मुलाशेजारी बसावं लागतं.

भाचा: का विरली हा प्रश्न तुझा एकटीचा नाही, त्यांचाही आहे. २०१७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दिल्लीचा एक प्रयोग आला. बालवाडीतल्या मुलांना कमी-जास्त ओळखण्याचे, आकार जुळवण्याचे खेळ महिनोन्‌महिने खेळवले. ती समज वाढली आणि टिकलीही. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात त्याचा उपयोग दिसला नाही. खेळात अंकांची चिन्हं नव्हती, अंकांची नावं नव्हती. समज एकीकडं आणि शाळेची भाषा एकीकडं.

मावशी: म्हणजे फिरून नावांवरच आलास.

भाचा: आलो खरा. पण आता दुसरा प्रयोग ऐक, हा मला जास्त जवळचा आहे. दिल्लीतच, २०१५. बहुतेक करून सहावी ते नववीची ६१९ मुलं, गरीब वस्त्यांतली. सोडत काढून निम्म्यांना 'माइंडस्पार्क' नावाच्या सॉफ्टवेअरच्या वर्गात मोफत जागा दिली. आधी चाचणी घेतली तर काय दिसलं? सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागं, आणि नववीपर्यंत ते अंतर आणखी वाढलेलं. बाई सहावीचं शिकवताहेत आणि पोरगं तिसरी-चौथीत अडकलंय. सॉफ्टवेअर प्रत्येकाला तो जिथं आहे तिथून सुरुवात करून द्यायचं. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ ची वाढ झाली.

मावशी: आणि शाळेच्या परीक्षेत?

भाचा: तू पण ना! शाळेच्या गणिताच्या परीक्षेत तो फरक उमटला नाही. कारण परीक्षा सहावीची आणि पोरगं शिकलं चौथीचं.

मावशी: बघ, हे मला कुठल्याही सरासरीपेक्षा जास्त पटलं. शिकलं, पण शाळेला दिसलं नाही. असं मी कितीदा बघितलंय. पण अरे, प्रत्येक मूल आपल्या जागेवरून सुरू, हे तुमच्या सॉफ्टवेअरनं शोधलं म्हणतोस? आमच्याकडं नली-कली आली तेव्हा वेगळं काय होतं?

भाचा: नली-कली म्हणजे ते कार्डांचं?

मावशी: कार्डांचं, शिडीचं. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटेमध्ये सुरू झालं, त्याच्यामागं आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या शाळांचा अनुभव होता. २००९-१० ला राज्यभर आलं, आमच्या मराठी शाळांतही. पहिली-दुसरी-तिसरी एकत्र बसवायची. भिंतीवर शिडी. पोरानं स्वतः जाऊन बघायचं आपण कुठल्या पायरीवर आहोत, त्या पायरीवरच्या चित्राचं कार्ड काढायचं आणि गटात जाऊन बसायचं. एक गट बाईंच्या मदतीचा, एक थोड्या मदतीचा, एक सोबत्याच्या मदतीचा, एक आपलं आपण करणाऱ्यांचा. आठ दिवस तापानं झोपलेलं पोर परत आलं की जिथं सोडलं तिथून पुढं. मी सगळ्या वर्गासाठी फळ्यासमोर उभी राहणं तेव्हा सोडलं. त्यानंतरच मला मुलांचे हात दिसायला लागले.

भाचा: हात?

मावशी: तुला वाटतं तुझ्या पोरीनं ७४ लिहिलं ही चूक तू बघितलीस. तू बघितलंस ते उत्तर. तिनं आधी ७ लिहिला आणि मग त्याच्या उजवीकडं ४. कन्नडच्या वेळी आधी ४. आमच्याकडं बरीच पोरं सत्तेचाळीस म्हटलं की आधी ७ लिहायची, डावीकडं जागा ठेवायची आणि मग त्या जागेत ४ लिहायची. कानानं जसं ऐकलं तसंच लिहिलं आणि उत्तर बरोबर. वही तपासणाऱ्याला त्यातलं काही कळणार नाही.

भाचा गप्प झाला. पुढची ओळ त्याच्या तोंडून यायला जरा वेळ लागला, कारण ती त्याच्या कामावरच येऊन आदळत होती.

भाचा: ॲपमध्ये असं करताच येत नाही.

मावशी: कसं?

भाचा: पडद्यावर आकड्यांची बटणं असतात. ७ दाबलं की ७ उमटतो, मग ४ दाबलं की तो उजवीकडंच बसतो. डावीकडं जागा ठेवायची सोयच नाही. म्हणजे कागदावर ४७ बरोबर लिहिणारं मूल आमच्याकडं ७४ म्हणून नापास होत असणार. आणि मी त्याला 'स्थानिक किंमत कच्ची' असा शिक्का मारून खालच्या पायरीवर पाठवतो.

मावशी: शिक्का तू मारतोस की यंत्र?

भाचा: नियम मीच लिहिलाय.

या एका गोष्टीसाठी मला हा सगळा वाद लिहावासा वाटला. हजारो मुलांची उत्तरं गोळा करणारी यंत्रणा अचूकपणे मोजते. पण ती जे मोजते त्यात मुलाची समज किती आणि बटणांची मांडणी किती, हे सरासरीतून बाहेर येत नाही. उलट बाजूनं, मावशींना जे दिसलं ते त्यांच्या वर्गात राहिलं आणि त्यांच्याबरोबर निवृत्त झालं. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचंच. १९७४ मध्ये सुरू झालं. तिथल्या मंडळींनी ही दोन टोकं बांधायचा प्रयत्न फार आधीपासून केला, आणि मराठी वाचकाला त्याची फारशी खबर नाही. संस्थापक संचालक वि. गो. कुलकर्णी भौतिकशास्त्रज्ञ होते. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांपासून केंद्राचं काम सुरू झालं, नंतर मुंबई महापालिकेच्या शाळांतली वंचित घरांतली मुलं. त्या मुलांबरोबर बसल्यावर लक्षात आलं की बऱ्याचदा ती विज्ञानात अडकतच नाहीत, पुस्तकाच्या मराठीत अडकतात. वाक्यं सोपी केली की तोच धडा कळायला लागतो. आज हे ऐकताना वाटतं, त्यात काय एवढं? पण त्याआधी दोष मुलाच्या बुद्धीला दिला जात होता.

मावशी: शाळेत अडकणारी हीच पोरं बाजारात बघ. खानापूरच्या आठवडी बाजारात आईबरोबर भाजी विकायला बसलेलं पोर सव्वातेरा रुपये पावशेर असलं तरी अडीच किलोचे पैसे सांगेल. माझ्या वडिलांच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करायचे. ती पाटीवरून गेली, पण बाजारात अजून जिवंत आहे.

भाचा: ब्राझीलमध्ये १९८५ मध्ये याचाच अभ्यास झाला. रेसीफे शहरात रस्त्यावर नारळ, लिंबं विकणारी पाच मुलं. गिऱ्हाईक होऊन विचारलं तर ९८ टक्के उत्तरं बरोबर. तीच गणितं कागदावर मांडली तर ३७ टक्के.

मावशी: मग? मी काय म्हणते?

भाचा: तू म्हणतेस बाजार वर्गात आणा. पण २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये बॅनर्जी-डुफ्लो मंडळींचाच कोलकाता-दिल्लीचा अभ्यास आला. बाजारात काम करणारी मुलं तोंडी हिशोब झटपट करतात, शाळेच्या साध्या वजाबाकीत अडतात. आणि शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं नेमकी उलटी. पुस्तकी उदाहरणं जमतात, बाजारातला हिशोब जमत नाही. एक आलं म्हणून दुसरं आपोआप येत नाही. वर्गात भाजीची चित्रं छापून भागणार नाही.

मावशी: चित्रं छापायला मी कुठं सांगितलं? पोराला विचार, तू कसं केलंस. सव्वातेरा गुणिले दहा तो करतच नाही. किलोचे आधी काढतो, दुप्पट करतो, अर्ध्याचे मिळवतो. ती रीत फळ्यावर लिहून दाखवली तर त्याचीच रीत त्याला शाळेच्या अक्षरात दिसते.

भाचा: भाभा केंद्राच्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीत असं काम केलंय. जरी, चामड्याच्या पिशव्या असली कामं करणाऱ्या घरांतल्या मुलांना अर्धा-पाव, मापं, किमती यांचं किती आणि कसलं ज्ञान असतं हे त्यांनी मुलांशी बोलून बोलून काढलं. माझ्यासारख्याला त्यात सरासरी कुठं आहे असा प्रश्न पडतो. आज जरा कमी पडतोय.

मावशी: कमी पडू देऊ नकोस. मला सरासरीचं वावडं नाही. तुमच्या त्या पाच चांदण्यांचं आहे. मुलाला तास आवडला का, द्या चांदण्या!

भाचा: तो विक्रीचा विभाग आहे, माझा नाही. पण तुझ्या बाजूचा पुरावा देतो. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाला उत्तम व्याख्यान, दुसऱ्याला तोच धडा स्वतः झगडून सोडवायला. नंतर विचारलं, किती शिकलात? व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटलं आपण जास्त शिकलो. चाचणीत दुसरा गट पुढं निघाला. २०१९ चा अभ्यास आहे.

मावशी: छान.

भाचा: थांब, तो तुझ्यावरही उलटतो. 'बाईंचं शिकवणं किती सुंदर' असं म्हणणारी पोरं म्हणजे पुरावा नव्हे.

मावशी: (हसत) मी सुंदर शिकवायचे असं कुणी म्हणालं नाही. खडूनं माखलेली असायचे, म्हणायचे. पण मला हे सांग, एवढे प्रयोग झाले, एवढं कळलं. पुढं काय झालं?

या प्रश्नाचं उत्तर दोघांकडंही गुळगुळीत नव्हतं. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला. तो चालवणाऱ्या संस्था किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर, पुढं एकलव्य. पोरांनी पुस्तकातली व्याख्या पाठ न करता पानं गोळा करायची, भिंगातून बघायचं, तक्ते भरायचे. परीक्षेतसुद्धा पुस्तक उघडं. तो सुमारे हजार शाळांपर्यंत गेला आणि २००२ मध्ये राज्य सरकारनं बंद केला. भाच्यानं त्यावर बिहारचं उदाहरण काढलं. पातळीप्रमाणे गट करून शिकवायचं साहित्य आणि प्रशिक्षण सरकारी शिक्षकांना दिलं तर शाळेच्या वर्षात परिणाम जवळपास शून्य. त्याच शिक्षकांनी उन्हाळी वर्गात तेच केलं तर मुलं शिकली. हरियाणात शाळेच्या वेळातला एक तास त्यासाठीच राखून ठेवला आणि देखरेखीला माणसं नेमली, तेव्हा वाचनात फरक पडला.

मावशी: म्हणजे शिक्षकांना येत होतं. वेळ नव्हता.

भाचा: किंवा अभ्यासक्रम संपवायची घाई होती. दोन्ही वेगळं करता येत नाही त्यातून.

मावशी: मी केलंय ते काम, मला येतं वेगळं करता. दोन्ही एकच आहे.

भाचा: असेल. पण तुझ्यावर विश्वास ठेवण्याखेरीज माझ्याकडं ते तपासायचा मार्ग नाही.

मावशी: नसू दे. तुझ्या पोरीचं तरी तपासू. या इमारतीत मराठी बोलणारी सात-आठ वर्षांची पोरं असतील की. बोलव रविवारी. कागद, पेन्सिल.

भाचा: आणि टॅब. निम्मी पोरं आधी कागदावर, निम्मी आधी टॅबवर. तसंच भाषेचं. निम्म्यांना आधी मराठी, निम्म्यांना आधी कन्नड, नाहीतर पहिल्या भाषेचं वळण दुसरीत शिरेल. कोण कशात, ते चिठ्ठ्या टाकून. टॅबवर कुठलं बटण आधी दाबलं, कुठं खोडलं, हे सगळं नोंदवून ठेवतो. आत्ता फक्त शेवटचं उत्तर साठतं.

मावशी: टाक चिठ्ठ्या. कागदावर लिहिताना शेजारी मी बसणार. कुठला अंक आधी लिहिला ते मी टिपते. आकडे कुठले घालणार?

भाचा: सत्तेचाळीस, त्रेसष्ट, अठ्ठावन्न, छत्तीस... दोन्ही अंक वेगळे असलेले. नाहीतर उलटलं की नाही ते कळणार कसं?

मावशी: आणि एकोणपन्नास?

भाचा: तो नको. कन्नडमध्ये तो सरळ 'नलवत्तोंबत्तु' आहे, चाळीस-नऊ. मराठीत तो उलटाही नाही, पन्नासातून एक वजा आहे. ती चूक वेगळ्या जातीची. तुलना बिघडेल.

मावशी: बिघडू दे. त्या आकड्यात पाच कुठंच नाही आणि कानाला ऐकू येतात पन्नास. पोरं ५१ लिहितात, ५९ लिहितात, काही नुसते ५० लिहून माझ्याकडं बघतात. दुसरीच्या वर्गात सगळ्यात जास्त वेळ तिथं जातो, आणि तुझ्या यादीत तोच नाही.

भाचा: मग त्याची वेगळी यादी करू. एकोणतीस ते एकोणनव्वद.

मावशी: एकोणीसही घाल. ते पहिलीतच येतं.